पिंक फ्लॉइडची जनावरं

पहिल्यांदा एक गोष्ट ठणकावून सांगतो. गोदीत शिरायला पास लागतो, गाण्यात शिरायला लागत नाही.

हे सांगायची पाळी यावी हेच वाईट. पण मी कुठलं गाणं ऐकतो हे कळल्यावर आपल्यातलेच काही दोस्त तोंड वाकडं करतात. म्हणतात, "इंग्रजी रॉक? ती कुलाबा-मलबार हिलच्या पोरांची चैन. आपले जलसे आहेत, शाहिरी आहे, आता रॅप आहे. तुला गोऱ्यांच्या पिपाण्या कशाला?" जलसे आहेतच. शाहिरीवर तर आपण वाढलो. पण दोस्तांनो, हे ऐकू नको, ते वाचू नको, असं आपल्याला हजारो वर्षं सांगणारी जमात वेगळी होती. ऐकलं तर कानात शिसं ओतायची धमकी तिच्या पोथ्यांत होती. तिचं काम आपण आपल्या हातानं का करायचं? कान आपला आहे. त्यात काय शिरेल ते आपण ठरवू.

तर रेकॉर्डचं नाव 'ॲनिमल्स'. म्हणजे जनावरं. बँड पिंक फ्लॉइड, गाव लंडन, साल १९७७, महिना जानेवारी. रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मोर, रिचर्ड राइट आणि निक मेसन ही चार माणसं. गाणी फक्त ५. पहिलं आणि शेवटचं दीड-दीड मिनिटाचं, नुसत्या गिटारवर गुणगुणल्यासारखं. मधली ३ मात्र अवाढव्य. 'डॉग्ज' १७ मिनिटं, 'पिग्ज' साडेअकरा, 'शीप' दहाच्या वर. कुत्रे, डुकरं, मेंढरं. संपली रेकॉर्ड.

या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. १९६० नंतरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात निघालेला हा पंथ. तीन मिनिटांचं प्रेमाचं गाणं मोडून टाकायचं, अख्खी बाजू एका गाण्याला द्यायची, मध्येच ताल बदलायचा, सिंथेसायझर आणायचा. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी असं समजून फसू नका. यातल्या बऱ्याच जणांचं पुरोगामीपण वाद्यांपुरतं. बाकी परीकथा, राजेरजवाडे, जादूगार, अंतराळ. त्यात मालक नाही, मजूर नाही, महिन्याची शेवटची तारीख नाही. 'ॲनिमल्स'मध्ये जादूगार औषधालाही सापडत नाही. इथं बाजार आहे. बाजारात कोण कुणाला खातो याचा हिशेब आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. इंग्रजी वाचता येतं, पण गाण्यातलं इंग्रजी कानाला लगेच लागत नाही. 'डॉग्ज'चे शब्द मी डिक्शनरी घेऊन वहीत उतरवले. पाळी सुटल्यावर मोबाईलवर गाणं मागं नेत, पुन्हा ऐकत, चार दिवस लागले. आणि चौथ्या दिवशी च्यायला डोक्यात उजेड पडला. हा कुत्रा गल्लीतला नव्हे. गल्लीतला बिचारा शिळ्या भाकरीला शेपूट हलवतो. हा सुटाबुटातला आहे. दलाल, विक्रीवाला, साहेब होऊ घातलेला. आधी गिऱ्हाइकाचा विश्वास कमवायचा, गोड बोलायचं, आणि पाठ फिरली की काम तमाम करायचं, हा त्याचा धंदा.

पण गाणं त्याला नुसत्या शिव्या देत नाही. शिव्या आपल्यालाही येतात, त्यांच्यापेक्षा बऱ्या येतात. हे गाणं त्याच्याबरोबर त्याच्या मरणापर्यंत चालत जातं. तो म्हातारा होतो. दुसऱ्यावर झेप घ्यायची ताकद जाते. सगळ्यांवर संशय घेऊन घेऊन माणूस उरत नाही, पैसा तेवढा उरतो. रोगानं झिजून तो एकटा मरतो. ज्या वजनानं दुसऱ्यांना दाबलं, तेच वजन त्याला तळाला ओढून नेतं.

आता यातलं संगीत बघा. गाण्याच्या मध्यावर दगड या अर्थाचा एक शब्द येतो. तो शब्द जात नाही. तोच पुन्हा येतो, पुन्हा येतो, विरत विरत खाली खाली जातो. वर सिंथेसायझर संथ पसरलेला, लांबवर कुत्री भुंकतायत, आणि भुंकणंही मशीनमधून गाळून काढलेलं. काहीतरी जड खोल पाण्यात पडलंय आणि तळ लागत नाही. गोदीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. धक्क्यावरून लोखंड पाण्यात पडलं की आवाज एकदाच होतो. मग पाणी वरून आहे तसंच दिसतं. खाली काय चाललंय ते खालचं खालीच. पिंक फ्लॉइडनं ते खालचं ऐकवलं.

पहिला भाग गिल्मोर गातो, पुढचा वॉटर्स. गिल्मोरची गिटार इतर रेकॉर्डींत रडते, विव्हळते, ढगात जाते. इथं ती दात दाखवते. एका गिटारच्या अंगावर दुसरी चढते आणि दोघी मिळून एकाच वेळी गुरगुरतात. आणि कुत्र्याबद्दल कीव वाटायला लागते, हे सगळ्यात भयंकर. ज्याचा राग यायला पाहिजे त्याची कीव येते, आणि राग मात्र कमी होत नाही. हे दोन्ही एकत्र जमवणं सोपं काम नाही. आपल्या कवितेत ते फार थोड्यांना जमलंय.

'पिग्ज'मध्ये ३ डुकरं आहेत. कुत्र्यांच्याही वर बसलेली. तिसऱ्या कडव्यात तर सरळ नाव घेतलंय, मेरी व्हाइटहाउस. टीव्ही-रेडिओवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहिमा चालवणारी, सगळ्या देशाच्या नीतीचा ठेका घेतलेली बाई. दुसरं कडवं मार्गारेट थॅचरवर आहे असं बरेच जण मानतात. ती १९७५ साली हुजूर पक्षाची नेता झाली आणि १९७९ साली पंतप्रधान. गिल्मोर इथं टॉक बॉक्स वापरतो. गिटारचा आवाज नळीतून तोंडात घ्यायचा आणि तोंडानं त्याला आकार द्यायचा. गिटार डुकरासारखी चीत्कारते. सत्तेवर नुसतं चिडून उपयोग नसतो, तिची नक्कल करून हसावं लागतं, हे आपल्या जलसेवाल्यांनाही ठाऊक होतं. जलशातला भटजी आणि सावकार आठवा. २०१७ साली वॉटर्स एकटा दौऱ्यावर निघाला तेव्हा याच गाण्यावर पडद्यावर डोनाल्ड ट्रम्पची चित्रं दाखवत होता. ४० वर्षं झाली, डुकराच्या जागेवर माणूस तेवढा बदलला.

ही जनावरं वॉटर्सला सुचली ती जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म' (१९४५) या पुस्तकावरून. ऑर्वेलची डुकरं क्रांतीनंतर मालक झालेली. तो वार स्टालिनच्या रशियावर होता. वॉटर्सनं तोच गोठा उचलला आणि भांडवलशाहीच्या अंगणात आणून ठेवला.

इथं आपल्या दाताखाली खडा येतो. लंडनमध्ये डुक्कर म्हणजे सत्ताधारी. आपल्याकडे? नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३) आठवा. त्यातलं डुक्कर कुठल्या सिंहासनावर बसलेलं नाही. ते पकडायचं काम ज्या घराच्या माथी गावानं मारलंय, त्या घरातल्या शाळकरी पोराची ती लाज आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती, म्हणून १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. तेव्हा जनावर ही आपल्याला कवितेतली उपमा म्हणून भेटलेली नाही. त्यानंतर ५० वर्षांनी लंडनची चार पोरं माणसांना जनावरं म्हणायला लागतात, तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारायचा. कोण कुणाला म्हणतंय?

हा प्रश्न 'शीप'मध्ये सगळ्यात जास्त टोचतो.

'शीप' सुरू होतं राइटच्या इलेक्ट्रिक पियानोवर. कुरणात मेंढरं ओरडतायत, पियानो निवांत चाललाय, आणि खालून बास गिटार धडधडत येते. वॉटर्स ओळीचा शेवटचा स्वर ओढतो आणि ऐकता ऐकता त्याचा गळा सिंथेसायझर होऊन जातो. माणूस कुठं संपला आणि मशीन कुठं सुरू झालं, बोट ठेवता येत नाही. पाळीवर पाळी मारणाऱ्याला हा स्वर कानात नाही, पाठीत ऐकू येतो. मध्ये बायबलातल्या २३ व्या स्तोत्राची टर उडवलीय, तीही मशीनच्या घोगऱ्या आवाजात. देव मेंढपाळ आहे हे कबूल, पण मेंढपाळ मेंढरं पाळतो कशासाठी, हा त्यातला सवाल. मग मेंढरं उठतात. कुत्र्यांवर तुटून पडतात. कुत्रे मेल्याची खबर येते. आणि शेवटी गिटार जी काय उसळते! रस्त्यावर माणसांचा लोंढा पुढं सरकावा आणि समोरचं कडं फुटावं, तसं वाटतं. ही रेकॉर्ड मी कितीदा ऐकली याचा हिशेब नाही, पण त्या जागी अंग अजून थरारतं.

पण शब्द नीट ऐका. कुत्रे मेल्याची खबर देता देताच मेंढरांना ताकीद मिळते, की घरात बसा, रस्त्यावर येऊ नका. डुकरांचं काय झालं? त्यांना तर कुणी हातच लावलेला नाही! उठाव झाला, मधले मेले, वरचे तसेच. हे वॉटर्सनं १९७७ साली लिहिलं. उठावाचा आनंद आणि उठावावरचा संशय एकाच गाण्यात. मला यातला संशय मान्य आहे. मान्य नाही ते मेंढरू.

का मान्य नाही, ते सांगायला आधी ही पोरं कोण ते बघू. वॉटर्स, मेसन आणि राइट हे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये भेटले. आर्किटेक्चर शिकायला आलेली मध्यमवर्गातली पोरं. वॉटर्सचा बाप १९४४ साली इटलीत अँझिओच्या लढाईत मारला गेला. ती जखम त्याच्या गाण्यांत आयुष्यभर वाहते. १९७३ साली 'द डार्क साइड ऑफ द मून' निघाली आणि पैशाचा पाऊस पडला. उत्तर लंडनमध्ये इस्लिंग्टनला यांनी इमारत घेतली, ब्रिटानिया रो नावाचा स्वतःचा स्टुडिओ काढला आणि तिथंच १९७६ साली ही रेकॉर्ड केली. तेव्हा पंकवाली पोरं लंडनच्या रस्त्यावर उतरली होती. त्यांच्यातला जॉन लायडन पिंक फ्लॉइडच्याच टी-शर्टावर 'मला घृणा आहे' अशा अर्थाचे शब्द खरडून फिरायचा. त्यांचा आरोप एकच, तुम्ही म्हातारे आणि श्रीमंत झालात. आरोप खरा होता. आणि त्याच म्हाताऱ्या श्रीमंतांनी त्या वर्षातली एक जळजळीत रेकॉर्ड करून दाखवली.

कशी जमली? कारण कुत्रे त्यांना घरचे होते. रेकॉर्ड कंपन्या, मॅनेजर, वकील, टॅक्सचे हिशेब, यांच्यातच त्यांचा उठबस. 'डॉग्ज'मधला माणूस त्यांनी जवळून बघितला होता, आरशातसुद्धा बघितला होता. रेकॉर्डीतल्या शेवटच्या छोट्या गाण्यात वॉटर्स स्वतःलाच कुत्र्यांत धरतो. मलाही आसरा लागतो, मलाही कुणीतरी लागतं, असं तो गुपचूप सांगून जातो. अख्ख्या रेकॉर्डीतली मला ही सगळ्यात प्रामाणिक जागा वाटते. प्रस्थापितांतला माणूस आपल्या वर्गाबद्दल खरं बोलतो तेव्हा ऐकावं. तो तसं रोज बोलत नाही.

बोलला म्हणून सुटला असंही नाही. या रेकॉर्डीच्या पैशाचाच किस्सा घ्या. रॉयल्टीचं वाटप गाण्यांच्या संख्येवर. वॉटर्सचं ते छोटं गाणं दोन तुकडे करून सुरुवातीला आणि शेवटाला ठेवलेलं, म्हणून ते २ गाणी धरलं गेलं. गिल्मोर आणि वॉटर्सनं मिळून केलेलं १७ मिनिटांचं 'डॉग्ज' मात्र १. त्यावरून कुरबुरी झाल्या. कुत्र्यांवर गाणं करणारे हाडकावरून गुरगुरले!

आणि राइट. या बँडची पहिली रेकॉर्ड जिच्यावर लिहिणारा म्हणून त्याचं नाव कुठंच नाही, ती हीच. 'शीप'चा तो सुरुवातीचा पियानो त्याच्या बोटांचा, नाव नाही. १९७९ साली 'द वॉल'च्या कामात त्याला बँडमधून काढलं आणि पुढच्या कार्यक्रमांना पगारी वादक म्हणून परत घेतलं. कायम माणसाला काढायचं आणि त्याच कामावर पगारी गडी म्हणून उभं करायचं, ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या कार्यक्रमांत बाकीच्या तिघांना तोटा झाला आणि पगारी राइटला तेवढा फायदा, हा त्यातला विनोद. २००८ साली तो गेला. वॉटर्स आणि गिल्मोरचं भांडण तर म्हातारपणीही संपलं नाही. 'ॲनिमल्स'चं नवं मिश्रण २०१८ सालीच तयार होतं. सोबत छापायच्या मजकुरावरून दोघं अडून बसले आणि रेकॉर्ड बाजारात आली २०२२ साली. २०२४ साली पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्डिंगचे हक्क सोनीनं सुमारे ४० कोटी डॉलरला घेतल्याची बातमी आली. गाणी कुत्र्यांवरची, भाव कुत्र्यांनी ठरवलेला.

आता रेकॉर्डीचं कव्हर बघा. थेम्स नदीच्या काठावर बॅटरसी पॉवर स्टेशन. विटांचा डोंगर, ४ चिमण्या, आणि चिमण्यांच्या मध्ये तरंगणारं रबरी डुक्कर. १९७६ च्या डिसेंबरात फोटो काढायला घेतले. डुक्कर सुटलंच तर पाडायला पहिल्या दिवशी नेमबाज आणून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी नेमबाज नव्हता, आणि ३ डिसेंबरला दोर तुटून डुक्कर आभाळात गेलं. हीथ्रो विमानतळाच्या वाटेत शिरलं, विमानं अडली, आणि शेवटी केंटमधल्या एका शेतावर जाऊन पडलं. मग डुकराचा फोटो आणि आभाळाचा फोटो जोडून कव्हर केलं. ही गोष्ट रॉकचे चाहते एकमेकांना हसत हसत सांगतात. मीही सांगतो.

पण मी गोदीवाला. माझी नजर डुकरावर थांबत नाही, खाली पाण्याकडे जाते. त्या स्टेशनला वर्षाला दहा लाख टनांच्या घरात कोळसा लागायचा आणि तो मुख्यतः बोटीनं यायचा. थेम्सच्या पुलांखालून जाता यावं म्हणून मुद्दाम बुटक्या बांधलेल्या, धुराडं आडवं करता येणाऱ्या बोटी. धक्क्यावर क्रेन. म्हणजे क्रेनवर माणूस, बोटीच्या पोटात माणसं, फावडी, काळी थुंकी. कव्हरवर चिमण्या आहेत, डुक्कर आहे. कोळसा उतरवणारे नाहीत. स्टेशनचा अर्धा भाग १९७५ सालीच बंद झालेला, उरलेला १९८३ साली झाला. २०२२ च्या ऑक्टोबरात तिथं मॉल उघडला. महागडे फ्लॅट झाले, अॅपल कंपनीची ऑफिसं आली, आणि एका चिमणीतून काचेची लिफ्ट लोकांना १०९ मीटरवर नेऊन लंडन दाखवते. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहताना बघितलेल्या पोरांना यावर जास्त सांगत नाही.

म्हणजे मेंढरं कव्हरवर नाहीत, आणि गाण्यात आहेत ती कळपानं आहेत. कुत्र्याला बालपण आहे, म्हातारपण आहे, मरण आहे. मेंढराला नाव नाही, घर नाही, एकट्याचं असं काहीच नाही. १७ मिनिटांत कुत्र्याचा माणूस झाला. १० मिनिटांत मेंढराचा झाला नाही.

आणि त्याच वेळी, त्याच शहरात काय चाललं होतं? इस्लिंग्टनमध्ये ही रेकॉर्ड चालू असताना, ऑगस्ट १९७६ मध्ये, वायव्य लंडनच्या विल्सडेन भागात ग्रनविक नावाच्या कारखान्यात संप झाला. लोक पोस्टानं फिल्म पाठवायचे, कारखाना फोटो धुऊन पोस्टानं परत पाठवायचा. कामाला बहुतेक आशियाई बाया, त्यातल्या कित्येक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती. त्यांची पुढारी जयाबेन देसाई. साडी नेसणारी, उंचीला पाच फूटही न भरणारी बाई. काम सोडून निघताना तिनं मॅनेजरला तोंडावर सुनावलं, की तू चालवतोस तो कारखाना नव्हे, प्राणिसंग्रहालय आहे. पण प्राणिसंग्रहालयात तुझ्या बोटावर नाचणारी माकडं असतात तसे तुझं डोकं तोडणारे सिंहही असतात, आणि ते सिंह आम्ही आहोत.

वाचताना माझ्या अंगावर काटा आला. एकच शहर, एकच साल. एका ठिकाणी चार श्रीमंत पोरं जनावरांची यादी करतायत आणि कष्टकऱ्यांच्या नावापुढं मेंढरू लिहितायत. दुसऱ्या ठिकाणी एक कामकरी बाई स्वतःची यादी स्वतः करते. तिच्या यादीत माकड आहे, सिंह आहे. मेंढरू नाहीच!

त्या संपात आणखी एक गोष्ट झाली, ती गोदीवाल्यांची. १९६८ साली इनॉक पॉवेल या पुढाऱ्यानं काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध विखारी भाषण केलं, तेव्हा लंडनच्या गोदीतले कामगार त्याच्या बाजूनं पार्लमेंटवर चालून गेले होते. वॉटर्सला मेंढरं दिसली असतील तर अशीच दिसली असतील, आणि त्या दिवशी ती होतीच. पण १९७७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल डॉक्समधले कामगार आपला बॅनर घेऊन ग्रनविकच्या गेटवर आले, साडी नेसलेल्या बायांच्या बाजूनं उभं राहायला. नऊ वर्षं! क्रिकलवुडच्या टपालवाल्यांनी कारखान्याचं टपाल उचलायचं नाकारलं. मेंढरू कायमचं मेंढरू राहत नाही, याचा एवढा जिवंत पुरावा रेकॉर्डीपासून काही मैलांवर होता. संप हरला, जुलै १९७८ मध्ये संपला. मोठ्या युनियननी ऐनवेळी हात आखडता घेतला म्हणून जयाबेन त्यांच्याच दारात उपोषणाला बसली होती. पण हरलेल्याला मेंढरू म्हणत नाहीत. न लढलेल्याला म्हणावं फार तर.

त्याच उन्हाळ्यात पिंक फ्लॉइडचा दौरा मॉन्ट्रियलला संपत होता. ६ जुलै १९७७, ऑलिम्पिक स्टेडियम, अफाट गर्दी. पुढच्या रांगेतल्या एका आरडाओरडा करणाऱ्या चाहत्यावर वॉटर्स स्टेजवरून थुंकला. पाचच दिवसांनी, ११ जुलैला, ग्रनविकच्या गेटवर हजारो कामगार एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. उंचावरून माणसं मेंढरंच दिसतात, आणि मेंढरावर थुंकायला काही वाटत नाही. मात्र वॉटर्सच्या पदरात एक गोष्ट घालायला पाहिजे. त्याला त्या थुंकण्याची स्वतःचीच किळस आली, आपल्यात आणि लोकांत ही भिंत कुठून आली म्हणून तो विचारत बसला, आणि त्यातून १९७९ साली 'द वॉल' निघाली.

तर मग एवढं सगळं माहीत असून मला ही रेकॉर्ड का आवडते? कारण कुत्र्याबद्दल इतकं खरं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आपल्या कवितेत साहेब येतो, सावकार येतो, पुढारी येतो, आणि पहिल्या शिवीतच संपतो. आपण शिवी हासडतो, टाळी घेतो, खाली बसतो. शत्रू तसाच उठून घरी जातो, जेवतो, झोपतो. त्याला रात्री झोप का लागत नाही, तो कुणाला भितो, म्हातारपणी त्याच्याजवळ कोण बसतं, हे आपण लिहित नाही. लिहिलं तर त्याची बाजू घेतल्यासारखं होईल अशी भीती वाटते. 'डॉग्ज' ऐका आणि ती भीती घालवा. शत्रूला १७ मिनिटं दिली म्हणून तो सुटत नाही. उलट त्याला पळायला जागा राहत नाही.

आणि कुत्रे काय फक्त परक्यांतच असतात? आपल्या वस्तीतून वर गेलेले, एका तिकिटासाठी, एका महामंडळासाठी शेपूट हलवणारे आणि खाली वळून आपल्यावरच भुंकणारे, त्यांना आपण नावानिशी ओळखतो. त्यांच्यावर १७ मिनिटांचं कोण लिहिणार? वॉटर्स येणार आहे का लिहायला?

तेव्हा पोरांनो, ही रेकॉर्ड ऐका. फुकट मिळते, मोबाईलवर मिळते. शब्द समोर ठेवून ऐका, अडलं तर डिक्शनरी घ्या, मॅट्रिकवाल्याला जमलं ते तुम्हाला जमेल. कुत्र्यांचं गाणं त्यांच्याकडून शिकून घ्या, तो माल अस्सल आहे. डुकरांवर हसायलाही शिका. मेंढरांचं गाणं मात्र त्यांच्याकडे मागू नका. ते त्यांच्याजवळ नव्हतं. ते आपल्याकडून यायचं बाकी आहे.